चालु

पाणी पाचव्या दिवशी येतं, तेही रात्री,
कधी पावणेदोनला, कधी तीन वाजून गेल्यावर.
विडी घरकुलातल्या बाया त्या रात्री
नळाला कान लावून झोपतात.
आधी नुसती हवा येते, फुस्स करून,
मग अत्तम्माची हाक :
नीळ्ळु वच्चिनय्!

लग्नानंतरच्या पहिल्या पाण्याला
मी पाइप धरून पिंपापाशी उभी.
मंचरची, बारमाही विहिरीची मुलगी.
ती आतून ओरडली, चालु, चालु!
मला वाटलं, चालू ठेव म्हणते.
मी तोटी आणखी सोडली.
ती पदर खोचत धावत आली, चालु! चालु!
मी म्हटलं, हो, चालूच आहे की.

पिंप वाहिलं, उंबरा ओलांडून आत गेलं,
सुपाखाली शिरलं.
दोन दिवसांची तंबाखू भिजली.

तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
हे श्रीहरीने सांगितलं, पहाटे, हसू दाबत.
त्याआधी ती जे बोलली त्याचा अर्थ
त्याने तेव्हा सांगितला नाही.
आता मला कळतो. बरं झालं, तेव्हा कळला नाही.

मग मी तिच्याशेजारी विड्या वळायला बसले,
भरपाई म्हणून, किंवा चांगलं दिसावं म्हणून.
पत्र्याच्या मापाने पान कापायचं,
चिमूट पसरायची, दोरा फिरवायचा,
नखाने तोंड दुमडायचं.
माझी विडी पोटुशी व्हायची.
ती काही म्हणायची नाही.
एका रात्री जाग आली तर ती दिव्याखाली
माझे कट्टे सोडून बसलेली,
एकेक विडी पुन्हा वळत.
मी डोळे मिटून घेतले
आणि आठ दिवस अबोला धरला.
तिला तो कळला की नाही, देव जाणे,
एरवी तरी आम्ही किती बोलत होतो.

नवव्या दिवशी कारखान्यात तिच्याबरोबर गेले.
छाट काढणाऱ्याने ओंजळभर विड्या
न बघताच चुरगळून कोपऱ्यात फेकल्या.
त्या तिच्या होत्या. तीस वर्षांच्या हाताच्या.
ती त्याच्यासमोर मान खाली घालून उभी राहिली,
घरात कधी उभी राहत नाही तशी.
येताना ऊन नुसतं तव्यासारखं.
अशोक चौकात रसाच्या गाड्यावर
मला बाकड्यावर बसवलं,
रसवाला दुसरा ग्लास धुवायला लागला
तर त्याला म्हणाली, एकच. चालु.

आई आली होती मागच्या दिवाळीत.
मला बाजूला घेऊन म्हणाली,
यांच्याकडं सगळंच कडक गं,
भाकरी पण आणि बोलणं पण.
मी म्हटलं, टिकतं मग.
आईला ते आवडलं नाही.
मलाही, खरं तर, पूर्ण पटलेलं नव्हतं.
अजून काही गोष्टी आहेत.
माहेरी जायचं म्हटलं की तिचे गुडघे दुखतात.
श्रीहरीच्या ताटात दाण्याच्या चटणीचा ढीग मोठा असतो.

पण माझ्या ताटावर ती पळी घेऊन वाकली
आणि मी हात आडवा धरून म्हटलं, चालु अत्तम्मा,
तर डोळे बारीक करून, स्वच्छ मराठीत म्हणते,
चालू? बरं.
आणि ओतते आणखी एक पळी.
सासरे पेपरच्या आड हसतात,
पेपर हलतो.

परवा तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.
वाकायचं नाही, धावायचं नाही, पाणी लागू द्यायचं नाही.
आज नळ अडीचला फुसफुसला.
मी हाक न मारता उठले,
अंधारात पाइप पिंपात सोडला.
आतून खाटेवरून आवाज आला,
चालु?

नळ सुरू झाला का, विचारते,
की पिंप भरलं, पुरे झालं का?
कुठल्या भाषेत विचारते ते मला कळेना.
मी म्हटलं, चालु.
तिने कूस बदललेली ऐकू आली.

समोरच्या घरात रविवारीच नवी सून आलीय.
त्यांचं पिंप वाहतंय.